रोटरला वायर नाही, तरी मोटार फिरते कशी? एका खिळ्यापासून सुरुवात

आमच्या वायंडिंगच्या दुकानात दरवर्षी रब्बीच्या तोंडाला एकदोन नवीन पोरं कामाला लागतात. कुणी आयटीआय करून आलेलं असतं, कुणी दहावीवरून थेट. पंधरा दिवस मोटारी खोलून झाल्या की त्यातलं एखादं हमखास विचारतं, "दादा, ह्या रोटरला तर कुठूनच वायर येईना. मग ह्याला लाईट पोचती कशी?" रोटर म्हणजे मोटारीतला फिरणारा भाग.

हा प्रश्न ज्याला पडत नाही, तो वर्षभरात कॉईल भरायला शिकतो, पण मोटार का जळाली हे गिऱ्हाइकाला कधी सांगू शकत नाही. उत्तर तोंडी सांगून डोक्यात शिरत नाही, हा माझा अनुभव. म्हणून मी पोरांना एक खिळा, थोडी तार आणि टॉर्चचा सेल देतो. लाईट नसलेली एक दुपार पुरते, आणि तशी दुपार शोधायला मराठवाड्यात कुठं लांब जावं लागत नाही. तुम्ही शेतकरी असा, शाळेतले मास्तर असा, नाहीतर नववी-दहावीचे विद्यार्थी, याच क्रमाने करून बघा.

सामान

चार इंची लोखंडी खिळा. २६ गेजची एनॅमलची, म्हणजे वीज अडवणारा पातळ लेप दिलेली, तांब्याची तार शंभर ग्रॅम. तालुक्याच्या कुठल्याही वायंडिंगच्या दुकानात मिळते, साठ-पासष्ट मीटर भरते आणि सगळ्या प्रयोगांना पुरते. दीड व्होल्टचे टॉर्चचे मोठे सेल दोन. डबीभर टाचण्या, एक स्वस्तातलं होकायंत्र, पॉलिश पेपरचा तुकडा, एक इंची पीव्हीसी पाईपचा वीतभर तुकडा. एक जोरदार चुंबक, पाईपमध्ये सहज सरकेल एवढं. निओडायमियमची चकचकीत बटणं सगळ्यात चांगली. मात्र ती लहान लेकरांच्या हाताला लागू देऊ नका. दोन बटणं पोटात गेली तर आतड्याला चिमटा काढून एकमेकांना चिकटतात आणि प्रकरण जिवावर येतं. शेवटचा मल्टिमीटर. डिजिटलही चालेल, पण सुईचा जुना मीटर असेल तर तोच काढा, कारण पुढे आपल्याला क्षणभराचा झटका बघायचा आहे आणि डिजिटलचे आकडे तोवर उठतसुद्धा नाहीत.

तार नवीनच घ्या. जळालेल्या मोटारीतली काळी पडलेली तार फुकट मिळते म्हणून पोरं तीच उचलतात आणि मग "काहीच होईना" म्हणून बसतात. त्या तारेवरचं एनॅमल करपून तडकलेलं असतं. वेढ्याला वेढा उघडा टेकतो आणि प्रवाह गोल फिरायचं सोडून आडवाच निघून जातो. तार गुंडाळलेली दिसते, पण कॉईल म्हणून तिचा उपयोग शून्य. मोटारीत "शॉर्ट झाली" म्हणतात ते हेच.

आणि घरातल्या बोर्डाला यातलं काहीही जोडायचं नाही. आमच्याकडच्या एका पठ्ठ्याने खिळ्यावरची कॉईल थेट प्लगमध्ये घातली होती. फ्यूज उडाला, तार वितळून खिळ्याला चिकटली, पोरगं वाचलं. सेलवर जे समजतं तेच २३० व्होल्टवर समजतं, जास्त काही समजत नाही.

आधी सरळ तार

होकायंत्र टेबलावर ठेवा, जवळपास लोखंड नको. सुई स्थिर झाली की तिच्यावर, तिच्याच दिशेने, वीतभर तार आडवी धरा. तारेची दोन्ही टोकं पॉलिश पेपरने लालसर तांबं दिसेपर्यंत घासलेली हवीत. एनॅमल पारदर्शक असतं, त्यामुळे न घासताच घासल्यासारखं वाटतं. नवशिक्यांचे निम्मे प्रयोग इथंच फसतात. टोकं सेलला दोन सेकंद टेकवा.

सुई बाजूला वळते. टोकांची अदलाबदल केली की उलट्या बाजूला. तार सुईच्या खालून नेली की पुन्हा उलट. तांब्याला चुंबक चिकटत नाही, तरी प्रवाह जाताना त्याच तांब्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. डेन्मार्कच्या ओर्स्टेडने १८२० मध्ये हेच पाहिलं आणि विजेचा चुंबकाशी संबंध आहे हे तिथून जगाला कळलं. उजव्या हाताचा अंगठा प्रवाहाच्या दिशेने धरून तार मुठीत पकडल्याची कल्पना केली, तर बोटं ज्या दिशेने वळतात तसं ते क्षेत्र फिरतं. पुस्तकात पाठ केलेला नियम इथं सुईवर ताडून बघा. दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, सेल तापतो.

खिळ्याचं चुंबक

एका सरळ तारेचं क्षेत्र अगदी दुबळं. तीच तार गुंडाळली की प्रत्येक वेढ्याचं क्षेत्र आतल्या बाजूला एकाच दिशेने जमा होतं. वर आत लोखंड घातलं की जोर कित्येक पटीने वाढतो, कारण लोखंडाच्या आतले सूक्ष्म चुंबकीय पट्टे एरवी वाटेल तसे तोंड करून असतात, ते एका दिशेला रांगेत उभे राहतात.

टोकाला बोटभर तार मोकळी सोडून खिळ्यावर शंभर वेढे घाला, एकाला एक चिकटून. मग तीच तार माघारी आणत दुसऱ्या थरात आणखी शंभर. माघारी येताना गुंडाळायची दिशा तीच ठेवायची, म्हणजे खिळा आधी ज्या बाजूला फिरवत होता त्याच बाजूला फिरवत राहायचं. शंभर वेढ्यांवर एकदा, दोनशेवर एकदा सेल जोडून टाचण्या मोजा. दोनशेला जास्त उचलतील, पण बरोबर दुप्पट नाहीत, कारण तार लांबली तसा तिचा रोधही वाढला आणि प्रवाह थोडा घटला. चुंबकाचा जोर अँपिअर आणि वेढे यांच्या गुणाकारावर चालतो. लोखंड भरत आलं की मग गुणाकार वाढवूनही फार फरक पडत नाही.

इंग्लंडच्या विल्यम स्टर्जनने १८२५ मध्ये असं चुंबक बनवलं तेव्हा त्याच्याकडे एनॅमलची तार नव्हती. त्याने लोखंडाच्या नालेलाच व्हार्निश लावलं आणि उघडी तार अंतर राखून गुंडाळली, जेमतेम अठरा वेढे. अमेरिकेत जोसेफ हेन्रीने पुढे तारेलाच रेशीम गुंडाळलं, त्यामुळे शेकडो वेढे एकमेकांवर घालता आले. आम्ही वायंडिंगवाले ज्या एनॅमलला नखाचा ओरखडाही लागू देत नाही, त्याची किंमत या दोघांच्या गोष्टीत कळते.

आता सेल काढा. बहुतेक टाचण्या खाली पडतात, एकदोन लटकून राहतात. खिळ्याऐवजी पेचकस वापरला तर जास्तच राहतात, कारण पोलाद एकदा मिळालेलं चुंबकत्व सोडत नाही. मोटारीच्या स्टेटरमध्ये, म्हणजे न फिरणाऱ्या बाहेरच्या भागात, सिलिकॉन मिसळलेल्या लोखंडाच्या पातळ पत्र्या, म्हणजे स्टॅम्पिंग, असतात, कारण तिथं चुंबकाला सेकंदाला शंभर वेळा तोंड फिरवायचं असतं. हट्टी लोखंड तिथं नुसतं तापेल.

एक चूक मुद्दाम करून बघा. दुसरा थर उलट दिशेने फिरवत घाला. टाचणी उचलत नाही! शंभर वेढे एकीकडे ओढतात, शंभर दुसरीकडे, हिशोब शून्य. ही चूक मी शिकाऊ असताना पिठाच्या गिरणीच्या मोटारीत केली होती. चार पोलची, म्हणजे आत चार चुंबकी तोंडं तयार होणारी मोटार, एक कॉईल उलटी जोडली गेली. चालू केल्यावर ती फिरेना, नुसती गुरगुरायला लागली. आमचे उस्ताद नांदेडकडचे. तोंडातला पानाचा तोबरा न हलवता म्हणाले, "उल्टा जोड दिया ना रे," आणि खिशातून होकायंत्र काढलं. रोटर बाहेर काढून एका फेजमध्ये बॅटरीचा हलका प्रवाह सोडला आणि होकायंत्र स्टेटरच्या आतून गोल फिरवलं. उत्तर, दक्षिण, उत्तर, दक्षिण अशी सुई पलटायला हवी. एका ठिकाणी ती पलटलीच नाही. चूक तिथंच होती. ही तपासणी मी आजही व्हार्निश ओतायच्या आधी करतो, कारण व्हार्निश सुकल्यावर चूक सापडली तर सगळं फोडून काढावं लागतं.

स्टार्टरमधलं चुंबक

विहिरीवरच्या किंवा बोअरवरच्या स्टार्टरमध्ये हेच खिळ्याचं चुंबक मोठ्या रूपात बसलेलं असतं. त्याला आपण नो-व्होल्ट कॉईल म्हणतो. हिरवं बटण दाबलं की कॉईलला व्होल्टेज मिळतं, ती लोखंडी गाभा खेचते, गाभ्याबरोबर कॉन्टॅक्ट मिटतात आणि मोटार चालते. बटण सोडलं तरी एक छोटा कॉन्टॅक्ट कॉईलचा प्रवाह चालू ठेवतो. लाईट गेली की चुंबक मरतं, स्प्रिंग गाभा मागं ढकलते, स्टार्टर पडतो. लाईट परत आल्यावर मोटार आपोआप सुरू होऊ नये म्हणून ही सोय आहे. ऑटो स्विच लावून आपण ती सोय मोडतो, आणि रात्री फीडर चालू झाला की डीपीवरच्या, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटारी एका झटक्यात उठतात. ऑटो स्विच लावलाच असेल तर त्यात उशिरा चालू होण्याची वेळ असते, ती प्रत्येकाने वेगवेगळी ठेवा.

आपल्याकडची लाईट ५० हर्ट्झची, म्हणजे प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो. तेवढ्या वेळा चुंबक ढिलं पडून गाभा थरथरायला हवा. तसं होऊ नये म्हणून गाभ्याच्या तोंडावर तांब्याची छोटी कडी बसवलेली असते. ती कडी तुटली, किंवा तोंडावर धूळ, मुंग्या, मेलेली पाल अडकली की स्टार्टर घरघरतो. घरघर ऐकू आली की मेन स्विच बंद करा, तोंडं कोरड्या फडक्याने पुसा. दुर्लक्ष करू नका, कारण गाभा पूर्ण मिटला नाही तर एसीची, म्हणजे सारख्या दिशा बदलणाऱ्या प्रवाहाची, कॉईल नेहमीपेक्षा कितीतरी जास्त प्रवाह घेते आणि जळते. व्होल्टेज कमी असताना स्टार्टर धरत नाही म्हणून बटण काडीने दाबून ठेवणारे असतात, त्यांच्या कॉईली याच कारणाने जातात.

ती तांब्याची कडी कशालाच जोडलेली नसते. मग तिच्यात करामत कुठून येते? रोटरच्या प्रश्नाशी तिचं नातं आहे.

आता उलटं: चुंबकापासून वीज

पीव्हीसीच्या तुकड्यावर पाचशे वेढे घाला, एका इंचाच्या पट्ट्यात, थरावर थर. टोकं घासून मीटरला जोडा. सुईच्या मीटरवर मायक्रोअँपिअरची सगळ्यात बारीक रेंज, डिजिटलवर २०० मिलिव्होल्ट. सेल नाही, बॅटरी नाही.

चुंबक झटकन पाईपमध्ये ढकला, सुई उडते. झटकन बाहेर काढा, सुई उलट्या बाजूला उडते. हळू ढकललं की जेमतेम हलते. चुंबक पलटून घातलं की दिशाही पलटते.

आणि चुंबक आत नुसतं ठेवून दिलं तर? शून्य. पोरं इथं मीटरवर टिचक्या मारतात, टोकं परत घासतात. काही बिघडलेलं नसतं. कॉईलमधून जाणारं क्षेत्र बदलतं आहे तोवरच वीज तयार होते. किती जोरदार चुंबक आत पडून आहे याला काही मोल नाही. बदल जितका झपाट्याने आणि वेढे जितके जास्त, तितका व्होल्टेज जास्त. याला पुस्तकात विद्युत चुंबकीय प्रवर्तन म्हणतात.

मायकेल फॅरेडेला हे २९ ऑगस्ट १८३१ रोजी सापडलं. लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला. त्याने लोखंडाच्या एका कड्यावर दोन वेगळ्या कॉईली गुंडाळल्या होत्या. त्याचा प्रयोग आपणही करू. खिळ्यावरच्या कॉईलवर कागदाचा एक पदर द्या आणि त्यावर वेगळ्या तारेचे दोनशे वेढे घाला. आतली कॉईल सेलला, बाहेरची मीटरला. सेल टेकवल्याच्या क्षणी सुईला बारीक झटका बसतो आणि ती शून्यावर येते. सेल टेकवलेलाच ठेवा, काही नाही. सेल काढल्याच्या क्षणी उलटा झटका. इथं चुंबक हललंच नाही, क्षेत्र तेवढं उगवलं आणि मावळलं, आणि तारेचा तारेला स्पर्श नसताना वीज पलीकडे गेली.

गावातली डीपी ही याच प्रयोगाची थोरली बहीण. येतात ११ हजार व्होल्ट, निघतात ४३३, दोन्ही कॉईली एका गाभ्यावर, मध्ये तेल आणि कागद. तिथं सेल टेकवायला-काढायला कुणी लागत नाही, एसी स्वतःच सारखा उगवत-मावळत असतो. बॅटरीचा सरळ प्रवाह डीपीत सोडला तर पलीकडे एका झटक्यानंतर काही मिळणार नाही.

परळीच्या औष्णिक केंद्रात कोळशाच्या वाफेवर चुंबकच कॉईलच्या मधोमध मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरवलं जातं, तर जिंतूरजवळ येलदरीला पूर्णेचं पाणी तेच काम करतं, २२.५ मेगावॉटचं. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे संच बंद ठेवावे लागले होते. कोळसा होता, कॉईली जागेवर होत्या, पण फिरवणारी वाफच नव्हती.

फुकट काही मिळत नाही

एसी-फ्रीजवाल्याकडून तांब्याच्या नळीचा किंवा भंगारातून ॲल्युमिनियमच्या जाड पाईपचा हातभर तुकडा मिळवा, चुंबक आतून जेमतेम सरकेल असा. नळी उभी धरून चुंबक वरून सोडा. तांब्याला चुंबक चिकटत नाही हे आपण पाहिलं, तरी ते तुपात पडल्यासारखं हळूहळू खाली येतं. तेवढ्याच आकाराचा साधा खडा सोडून फरक बघा.

पडणाऱ्या चुंबकामुळे नळीच्या भिंतीत गोल फिरणारे प्रवाह तयार होतात. ते प्रवाह स्वतःचं चुंबक बनवतात आणि ते चुंबक पडणाऱ्याला अडवतं. तयार झालेला प्रवाह आपल्या जन्माच्या कारणालाच विरोध करतो, हे लेन्झने १८३४ मध्ये नियमात मांडलं. सायकलच्या डायनामोचा दिवा लावला की पायडल जड होतं ते याच कारणाने. स्टार्टरमधली ती तांब्याची कडीही अशीच. मुख्य चुंबक मावळायला लागलं की तिच्यातला प्रवाह त्या मावळण्याला विरोध करतो, स्वतःचं क्षेत्र थोडं मागून आणतो, आणि गाभा मधल्या क्षणात सुटत नाही.

हे भिंतीतले प्रवाह मोकाट सोडले तर धातू तापवतात. जालन्याच्या एमआयडीसीत सळईसाठी भंगार वितळवणाऱ्या भट्ट्या यावरच चालतात. बाहेर तांब्याच्या नळीची कॉईल, नळीच्या आतून थंड पाणी खेळवलेलं, आणि मधल्या मडक्यातलं लोखंड १५०० अंशांच्या वर जाऊन रस होतं. कॉईलचं तांबं स्वतः १०८५ अंशांना वितळतं, म्हणून ते पाणी एक मिनिटही थांबून चालत नाही. भंगार उचलायच्या क्रेनला बरेचदा मोठी तबकडी असते, ते आपलंच खिळ्याचं चुंबक. बटण बंद केलं की भंगार खाली.

रोटर

आता पोराच्या प्रश्नाकडे. स्टेटरमध्ये तीन फेजच्या कॉईली, आणि तिन्ही फेजची भरती एकापाठोपाठ येते. त्यामुळे आतलं चुंबक जागेवर न थांबता गोल फिरतं. दोन पोलच्या सबमर्सिबलमध्ये मिनिटाला ३००० फेऱ्या. अशा मोटारींची पेटंटं टेस्लाने १८८८ मध्ये घेतली. रोटरमध्ये तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या सळया असतात, दोन्ही टोकांना कड्यांनी जोडलेल्या, पिंजऱ्यासारख्या. फिरतं चुंबक सळयांवरून जातं, सळयांमध्ये प्रवाह तयार होतो, आणि लेन्झच्या नियमाने तो त्या बदलाला विरोध करू बघतो. विरोध करायचा एकच मार्ग, चुंबकाच्या मागं पळणं. रोटर पळतो.

पण कधीच गाठत नाही. गाठलं तर सळयांवरून क्षेत्र सरकणं थांबेल, बदल संपेल, प्रवाह संपेल. म्हणून प्लेटवर ३००० ऐवजी २८५० च्या आसपास फेऱ्या लिहिलेल्या असतात आणि गिरणीच्या चार पोलच्या मोटारीवर १५०० ऐवजी १४४०.

पंपात वाळू अडकून रोटर थांबला तर चुंबक त्याच्यावरून पूर्ण ३००० ने धावतं. बदल सगळ्यात जास्त, सळयांतला प्रवाह सगळ्यात जास्त, आणि डीपीच्या दोन कॉईलींसारखाच स्टेटरही तितकाच प्रवाह ओढतो, नेहमीच्या पाच ते सात पट. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. सहा पट प्रवाह म्हणजे छत्तीस पट उष्णता, आणि एनॅमल काही मिनिटांत कोळसा. एक फेज गेला तर क्षेत्र धड फिरत नाही, थांबलेली मोटार उठत नाही, आणि निकाल तोच.

त्या काही मिनिटांत वाचवायचं काम स्टार्टरमधल्या ओव्हरलोड रिलेचं. सारखा ट्रिप होतो म्हणून त्याचा काटा शेवटपर्यंत वर फिरवून ठेवलेल्या पेट्या मी आठवड्याला दोन तरी बघतो. मोटार सरळ लाईनला जोडणाऱ्या साध्या डीओएल स्टार्टरवर तो मोटारीच्या प्लेटवर लिहिलेल्या अँपिअरवर ठेवायचा. प्लेट घासून गेली असेल तर अंदाजाने फिरवू नका. पाणी नीट फेकत असताना क्लॅम्प मीटर घेऊन तिन्ही फेजचा प्रवाह मोजा, नाहीतर वायरमनकडून मोजून घ्या, आणि तो आकडा पेटीच्या झाकणाला आतल्या बाजूने ऑइल पेंटने लिहून ठेवा. खडूने लिहिलेला पहिल्याच पावसाळ्यात पुसला जातो.